बोल्ट किती आवळायचा? (सात क्लिक झाले, आठवा झालाच नाही)

अर्धा_पाना

मंडळी, थोडं लाजतच हा धागा काढतोय. परवा स्वतःच्या गाडीचा पाण्याचा पंप बदलायला घेतला. मॅन्युअल उघडून समोर ठेवलं होतं. आठ बोल्ट, सगळे एम ८ (म्हणजे आठ मिलिमीटर जाडीचे), पीळ (टॉर्क, आवळण्याचा जोर) २२ न्यूटन-मीटर. क्लिकवाला टॉर्क रेंच (ठरवलेला पीळ झाला की क्लिक करणारा पाना) नवाकोरा. जुने बोल्ट तारेच्या ब्रशने घासले, प्रत्येकावर इंजिन ऑइलचे दोन थेंब सोडले (मऊ बसावेत म्हणून) आणि समोरासमोरचे आवळत गेलो. सात बोल्टांनी शहाण्यासारखा क्लिक दिला.

आठवा वरचा, कप्पीच्या मागे लपलेला. आधी जोर नेहमीसारखा वाढत गेला आणि मग हाताला एकदम मऊ लागलं. पाना फिरतोय, जोर वाढत नाही, क्लिक येत नाही. पाव फेरा तसाच गेल्यावर भानावर आलो आणि थांबलो.

रेंच खोटा निघाला, बोल्ट ताणला गेला, की आटे गेले? पाणी अजून भरलेलं नाही.

बिनपगारी

आधी घट्ट, मग आणखी घट्ट, मग सैल. या क्रमातून गेल्याशिवाय कुणी मेकॅनिक होत नाही. स्वागत आहे.

जुनंखोड

रेंच-बिंच नंतर. आधी तो बोल्ट बाहेर काढ आणि आट्यांत बघ. राखाडी, चकचकीत तार गुंडाळल्यासारखी दिसली तर भोकातले ॲल्युमिनियमचे आटे बोल्टाबरोबर बाहेर आलेत. तसं काही नसेल तर दुसऱ्या चांगल्या बोल्टाशेजारी धर, याचे आटे त्याच्या आट्यांत बसव आणि उजेडाकडे बघ. एका टोकाला नीट बसून पुढे पुढे फट पडत गेली तर बोल्ट ताणला गेलाय. कंबर बारीक झालेली असेल तर बोटालाही कळतं.

आमच्या वेळी हात हाच रेंच होता. एम ६ ला मनगट, एम ८ ला कोपर, एम १२ ला खांदा. दुकानभर एकच टॉर्क रेंच, तोही पेटीत कुलूपबंद, फक्त हेडसाठी (इंजिनाच्या वरच्या झाकणासाठी) बाहेर यायचा.

अर्धा_पाना

काका, काढला. टोकाकडच्या आट्यांत राखाडी तार अडकली होती, स्क्रूड्रायव्हरने उचकटली तर छोट्या स्प्रिंगसारखी अख्खी सुटून आली. तीन वेढे. बोल्ट मात्र सरळ आहे, आटे जुळतात. म्हणजे आटेच गेले.

पण मला कळत नाही ते हे, की आकडा मॅन्युअलचाच होता आणि क्लिक तर झालाही नव्हता. २२ च्या आत आटे जातातच कसे? रेंचवरचा विश्वास उडाला.

ताणतणाव

बोल्टांच्या चाचण्या करणं हेच माझं रोजचं काम, म्हणून जरा सविस्तर लिहिते. कंटाळा आला तर पुढचा प्रतिसाद वाचा.

बोल्ट म्हणजे स्प्रिंग. फार ताठ, पण स्प्रिंगच. आपण आवळतो तेव्हा तिला लांबीत ताणत असतो. ताणलेली स्प्रिंग आखडायला बघते आणि त्या ओढीमुळे दोन भाग एकमेकांवर दाबून राहतात. गॅस्केट गळत नाही ते या ओढीमुळे, पंप जागचा हलत नाही तोही तिच्यामुळेच. आपल्याला हवी असते ही ओढ, म्हणजे ताण. पण ताण मोजायला हाताशी काही नसतं. म्हणून आपण पीळ मोजतो आणि ताणही त्या मानाने आला असेल असं धरून चालतो.

दोघांच्या मधे घर्षण बसलंय आणि ते भलतंच खादाड आहे. पिळाचा साधारण निम्मा भाग बोल्टाच्या डोक्याखालची बैठक घासण्यात जातो. आणखी ४० टक्क्यांच्या आसपास आटे एकमेकांवर घासण्यात. खऱ्या ताणासाठी उरतात १० टक्के किंवा थोडे वर. तुमच्या २२ न्यूटन-मीटरमधले जेमतेम पावणेतीन बोल्ट ताणायला गेले, बाकीचे नुसते घासण्यात जिरले.

गॅरेजात पुरेल असा ढोबळ हिशोब असा: पीळ म्हणजे के गुणिले व्यास गुणिले ताण. हा के म्हणजे घर्षणाचा सगळा भार एकाच आकड्यात कोंबलेला. कोरड्या पोलादी बोल्टाला तो ०.२ धरतात. एम ८ ला २२ न्यूटन-मीटर दिला तर ताण येतो पावणेचौदा किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १४०० किलोचं वजन टांगल्यासारखा. आता त्याच बोल्टावर तेल सोडा. के ०.१४ च्या आसपास उतरतो. रेंच तोच, आकडा तोच, आणि ताण २००० किलोच्या घरात. साध्या ८.८ ग्रेडच्या (ग्रेड म्हणजे मजबुतीची श्रेणी) एम ८ बोल्टाला कायमचा न ताणता पेलवणारी मर्यादा जवळपास २१५० किलो आहे. तुम्ही बोल्टाला उंबरठ्यापर्यंत नेलंत आणि त्या उंबरठ्याच्या अलीकडे ॲल्युमिनियमचे आटे होते.

तेव्हा रेंच खोटं बोललेला नाही. त्याला ताणाबद्दल काहीच माहीत नसतं.

कुतूहल

वाचनखूण साठवली. पण ताई, मग तेल लावायचंच नाही का? मी तर आजवर प्रत्येक बोल्टाला लावत आलोय. कोरडा बोल्ट आवळताना किरकिरतो, ते ऐकवत नाही.

ताणतणाव

मॅन्युअल काय गृहीत धरतं ते बघायचं. काही न लिहिता नुसता आकडा दिला असेल तर सहसा स्वच्छ आणि कोरडा बोल्ट अपेक्षित असतो, म्हणजे कारखान्यातून मुलामा चढवून येतो तसा. हेड बोल्टांना बहुतेक ठिकाणी "आट्यांना आणि डोक्याखाली इंजिन ऑइल लावा" असं स्पष्ट लिहिलेलं असतं, कारण तो आकडा तेल धरूनच काढलेला असतो. तिथे कोरडा आवळलात तर उलटी फसगत, क्लिक होतो आणि ताण कमी राहतो.

लॉकिंगचं लिक्विड आणि सीलंट यांचंही तेच. सुकेपर्यंत ती वंगणासारखीच वागतात. पंपाचे काही बोल्ट पाण्याच्या पोकळीत उघडतात, त्यांना सीलंट लावायला सांगितलेलं असतं. अर्धा_पाना, तेही एकदा बघून घ्या.

किरकिर मात्र वाईटच. बोल्ट थांबत थांबत, धक्के खात फिरतोय असं ते सांगतं. आटे साफ करा, घासून गुळगुळीत झालेला वायसर बदला, बोल्ट गंजला असेल तर फेकून द्या.

सारथी७

यावरून विचारतो. चाकांचे नट? एका ठिकाणी टायर बदलून घेतले, तिथल्या पोऱ्याने प्रत्येक स्टडवर ग्रीसचं बोट फिरवलं आणि हवेच्या गनने घुर्रर्र करून टाकलं. पंक्चर झालं तेव्हा पान्यावर उभं राहूनही नट हलेना.

जुनंखोड

गनचा घुर्रर्र म्हणजे किती, हे गनलाही माहीत नसतं. आटे हाताने धरव, गन हलकी मार, शेवट रेंचने कर. चाक जमिनीला टेकलेलं हवं, नट समोरासमोर, एकाच दमात पूर्ण नाही. ५०-१०० किलोमीटर चालवून पुन्हा एकदा बघ. ग्रीस नको. नटाच्या उताराच्या तोंडाला तर मुळीच नको, तिथे निम्मं घर्षण असतं हे ताईंनी वर सांगितलंच आहे.

ताणतणाव

काकांना +१. एक भर घालते. चाक स्टडवर लटकलेलं असतं असं बऱ्याच जणांना वाटतं. ते हबला दाबून धरल्यामुळे, दोघांमधल्या घर्षणाने उभं असतं. एम १२ च्या नटाला ११० न्यूटन-मीटर दिला की प्रत्येकी साडेचार टनांच्या आसपास दाब. पाच नटांचा मिळून तेवीस टन. तो दाब गेला की चाक हबवर किंचित सरकू लागतं, आणि आडवं सरकणं हा नट सुटण्याचा हमरस्ता आहे. युंकर नावाच्या जर्मन अभियंत्याने १९६९ साली यंत्रावर बोल्ट आडवे हलवून हे दाखवून दिलं. उभ्या दिशेच्या हादऱ्यांनी जे होत नाही ते आडव्या घसरण्याने थोड्याच वेळात होतं, घट्ट दिसणारा नट आपणहून उलटा फिरतो. त्याच प्रयोगांमुळे फाकलेल्या स्प्रिंग वायसरची अब्रूही गेली. आवळल्यावर तो चपटा होतो आणि साध्या वायसरपेक्षा फारसं काही करत नाही.

बिनपगारी

म्हणजे वाडवडिलांपासून चालत आलेला स्प्रिंग वायसर नुसता मानाचा?

जुनंखोड

यावर मी भांडणार नाही, पण माझ्या डब्यातले मी फेकणारही नाही.

मला भांडायचंय ते हातावर. ताई, तुम्हीच म्हणता रेंच घर्षण मोजतो. मग माझ्या हातात आणि रेंचमध्ये फरक तो काय? माझ्या हाताला निदान "मऊ पडला" हे कळतं. या पोराच्या रेंचला ते कळलं नाही, तो क्लिकची वाट बघत पाव फेरा पुढे गेला.

ताणतणाव

मऊ पडल्याचं हाताला कळतं, हे शंभर टक्के मान्य. रेंच हातात असला तरी हात झोपता कामा नये.

फरक आहे तो सारखेपणात. एकाच खोक्यातले बोल्ट, एकच रेंच, एकच माणूस, तरीही ताणात वर-खाली २५ ते ३० टक्के तफावत पडते. हे रेंचच्या पद्धतीचं झालं, ती इतकी ढिसाळ आहे. नुसत्या हाताने तफावत याहून जास्त. मुरलेला हात एका मापाच्या बोल्टावर छान बसतो, पण आखूड पान्याचा लांब पाना झाला, उभ्याचं वाकून काम आलं की गणित बदलतं. आणि हात सहसा लहान बोल्टांना जास्त आणि मोठ्यांना कमी आवळतो. एम ६ मोडलेले आणि एम १४ सैल राहिलेले, दोन्ही माझ्या टेबलावर येतात.

जुनंखोड

एम ६ मोडण्याचं पटलं. नावं घेत नाही.

कुतूहल

२५-३० टक्के तफावत चालते? मग इंजिनाच्या आतले बोल्ट कसे भरवशाचे राहतात?

ताणतणाव

हा या धाग्यातला माझा आवडता प्रश्न. तिथे पीळ जवळपास सोडूनच देतात आणि कोन मोजतात.

हेड बोल्टांसाठी मॅन्युअलमध्ये असं काहीसं असतं: आधी ४० न्यूटन-मीटर, मग ९० अंश, मग आणखी ९० अंश. पहिला आकडा फक्त सगळं एकमेकांना टेकवण्यापुरता. खरं काम कोनाचं. एम १० च्या बोल्टाचे आटे दीड मिलिमीटरचे असतील तर पूर्ण फेऱ्याला बोल्ट दीड मिलिमीटर आत जाणार, पाव फेऱ्याला ०.३७५. तेल असो, नसो, आटे किरकिरोत, हे अंतर बदलत नाही. त्यातलं थोडं गॅस्केट आणि हेड दबण्यात जातं, उरलेलं सगळं बोल्टाच्या लांबीत. म्हणजे कोन मोजणं हे जवळजवळ ताण मोजणंच झालं.

आता शेवटचे ९० अंश. १०.९ ग्रेडचा बोल्ट, ताणायला १०० मिलिमीटर मोकळी लांबी. तो साधारण ०.४ मिलिमीटरपर्यंत लवचीकपणे ताणतो, सोडला की मूळ लांबीला परत येतो. त्याच्या पुढे नेला की पोलाद शरण येतं. लांबी वाढत जाते पण ओढ फारशी वाढत नाही. हे ऐकायला भयंकर वाटतं, पण अभियंत्यांनी त्याचाच फायदा घेतला. सगळे बोल्ट त्या सपाट भागात नेऊन ठेवले की कोन थोडा इकडेतिकडे झाला तरी सगळ्यांची ओढ जवळपास सारखी. तफावत दहा टक्क्यांच्या आसपास उतरते. दहा बोल्ट हेडला सारखं दाबताहेत, यासाठी एवढा खटाटोप.

किंमत एवढीच की असा बोल्ट थोडासा कायमचा लांबलेला असतो. पुन्हा वापरला की तो आणखी लांबतो आणि तीन-चार वेळा असं झालं की कुठेतरी कंबर बारीक होते. म्हणून "नवीन बोल्ट वापरा" असं लिहितात. काही उत्पादक लांबीची मर्यादा देतात, तिच्या आत असेल तर परत वापरायला परवानगी. मर्यादा दिली नसेल तर नवीनच.

सारथी७

मी आजवर हेड बोल्ट पुसून परत लावत आलोय. कुणाला सांगू नका.

जुनंखोड

हेडचं निघालंच आहे तर एक सांगून ठेवतो, कारण हे मी डोळ्यांनी बघितलंय. बोल्टाची बंद भोकं आधी कोरडी करा. एका पोराने हेड धुतलं, भोकात तेल-पाण्याचं मिश्रण राहिलं, वरून बोल्ट आवळला. द्रव दबत नाही. बोल्टाचा झाला पिस्टन. ब्लॉकच्या बाजूला केसासारखी चीर गेली, तीही इंजिन गरम झाल्यावर दिसली. कापडाची वात घालून, हवा मारून भोक कोरडं झालंच पाहिजे. हवा मारताना डोळ्यांवर चष्मा.

कुतूहल

एक बाळबोध शंका. बोल्ट आधीच इतका ताणून ठेवला, वर इंजिनाचे धक्के. दोन्ही मिळून तो लवकर तुटणार नाही का? थोडा सैल ठेवला तर आयुष्य वाढेल असं वाटतं.

ताणतणाव

नेमकं उलट. दोन भाग बोल्टाने घट्ट दाबलेले आहेत. बाहेरून त्यांना वेगळं करायला बळ लावलं की त्यातलं बहुतेक बळ आधीचा दाब कमी करण्यात खर्च होतं, बोल्टापर्यंत थोडाच वाटा पोचतो, ढोबळ मानाने दहा-वीस टक्के. बाहेरचं बळ दाबापेक्षा कमी आहे तोवर बोल्टाला ते जवळपास कळतच नाही. दाब संपला, फट उघडली, की प्रत्येक धक्का थेट बोल्टावर. कनेक्टिंग रॉडचा (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याचा) बोल्ट मिनिटाला हजारो वेळा हे सोसतो. थकून तुटलेल्या बोल्टाच्या तोंडावर शिंपल्यासारख्या बारीक रेषा दिसतात आणि एका कोपऱ्यात खडबडीत डाग, शेवटी उरलेला भाग एकदम तुटला तो. असे बोल्ट बहुतेक वेळा सैल राहिल्याने गेलेले असतात.

रॉडचे बोल्ट म्हणूनच काही जण मायक्रोमीटर लावून, लांबी मोजत आवळतात. दोन्ही टोकं उघडी असतात म्हणून तिथे ते जमतं.

अर्धा_पाना

धागा माझा, पण मी नुसता वाचतोय आणि घाम पुसतोय.

प्रगती सांगतो. रेंच तपासला. त्याचं चौकोनी टोक शिकंज्यात धरलं, रेंच आडवा, २२ वर लावलेला. मुठीच्या मधोमध दोरीने बादली बांधली, टोकापासून ४० सेंटिमीटरवर. आधी वाटलं सोपं आहे, मग लक्षात आलं की रेंचला स्वतःचंही वजन आहे. तो १.२ किलोचा आणि बोटावर तोलला तर टोकापासून १८ सेंटिमीटरवर तोलतो, म्हणजे स्वतःचेच दोन न्यूटन-मीटर. बादलीत हळूहळू पाणी ओतत गेलो. क्लिक झाला तेव्हा बादली पाण्यासकट ५.२ किलो. हिशोब सगळा मिळून साडेबावीस. रेंच निर्दोष सुटला.

ताणतणाव

वा! रेंचचं वजन धरलंत, इथेच निम्मे लोक चुकतात. चांगल्या क्लिक रेंचला वर-खाली ४ टक्के सूट असते, तुमचा अडीच टक्क्यांत आहे. काम झाल्यावर स्प्रिंग सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवा, आणि त्याने बोल्ट सोडवू नका.

बिनपगारी

एक मिनिट. रेंच बरोबर, तेलाने ताण २००० किलो, बोल्टाची मर्यादा २१५०. मग ॲल्युमिनियमचे आटे का गेले? बाकीच्या सात भोकांनाही तेलच होतं की. त्यांचे नाही गेले.

जुनंखोड

हा माणूस कधीतरी कामाचं बोलतो.

अर्धा पाना, तार तीन वेढ्यांची म्हणालास. एम ८ च्या बोल्टाला ॲल्युमिनियममध्ये १२ ते १६ मिलिमीटर आटे धरायला हवेत, म्हणजे दहा-बारा वेढे. तीनच का निघाले? बोल्ट टेकत किती होता? भोकात काडी घाल, खोली मोज. पंपाच्या कानाची (बोल्ट ज्यातून जातो त्या बाहेर आलेल्या भागाची) जाडी मोज. आणि आठही बोल्ट एका रांगेत उभे कर.

अर्धा_पाना

काका...

सगळे बोल्ट एकसारखे नाहीत. सहा २५ मिलिमीटर लांबीचे आणि दोन ३५ चे. काढताना मी सगळे एका डब्यात टाकले होते. वरच्या दोन कानांची जाडी २० मिलिमीटर, बाकीचे कान १० चे. आठव्या भोकात मी २५ चा घातला होता. म्हणजे धरायला राहिले ५ मिलिमीटर.

जुनंखोड

पुठ्ठा घ्यायचा, त्यावर पंपाची आकृती काढायची, भोकं पाडायची, काढलेला बोल्ट आपापल्या भोकात खोचायचा. पन्नास वेळा सांगून झालंय.

ताणतणाव

आता जुळलं. पाच मिलिमीटर म्हणजे चार आटे, टोकाचा उतार सोडला तर तीन. त्यात ताण सगळ्या आट्यांवर सारखा वाटला जात नाही, डोक्याकडचा पहिला आटाच एकतृतीयांशाच्या आसपास उचलतो. तो गेला की पुढच्यावर, मग त्याच्या पुढच्यावर, शिवण उसवत जावी तसं. कोरडं आवळलं असतंत तर कदाचित कसाबसा क्लिक मिळाला असता आणि चार महिन्यांनी गळती लागली असती. तेलाने लवकर उघडं पाडलं.

चांगली बातमी अशी की आटे फक्त वरचे गेलेत. भोकाची खोली किती निघाली?

अर्धा_पाना

२४. तळापर्यंत आटे दिसतायत.

ताणतणाव

मग इन्सर्ट (गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायचे तारेचे नवे आटे) बसवायची घाई नको. वरचे पाच मिलिमीटर गेले, खाली एकोणीस शाबूत आहेत. ३५ चा बोल्ट १५ आत जाईल, त्यातले फक्त १० पकडीत. जरा कमी. त्याच ग्रेडचा ४० चा घ्या, तो २० आत जाईल, १५ पकडीत, आणि तळाला ४ मोकळे. बोल्टाला ताणायला पाच मिलिमीटर लांबी जास्त मिळते तो वेगळाच फायदा, कारण आखूड बोल्ट फार थोडा ताणतो. तुमचा २५ चा फार तर ०.०३ मिलिमीटर ताणत असेल. डोक्याखालचा रंग किंवा कचरा शतांश मिलिमीटरभर दबला तरी त्यातला तिसरा हिस्सा गेला. म्हणून बैठक पुसून घ्या. आणि या वेळी आटे कोरडे.

आधी भोकातला चुरा चुंबकाने निघणार नाही हे लक्षात ठेवा, ॲल्युमिनियम आहे. ग्रीस लावलेल्या काडीने काढा.

जुनंखोड

खालचे आटेही निघाले तर इन्सर्ट आहेच. किटमध्ये येतो तोच ड्रिल, तोच टॅप, सरळ धरायचा, तारेचं इन्सर्ट पृष्ठभागाच्या अर्धा-एक आटा खाली बसवायचं आणि शेपटी तोडून बाहेर काढायला विसरायचं नाही.

पण पोरा, तू अजून एक बघितलेलं नाहीस. आखूड बोल्ट लांबाच्या जागी गेला. मग लांब कुठे गेला?

अर्धा_पाना

जाऊन बघून येतो.

बिनपगारी

धाग्याला पॉपकॉर्नसारखी शांतता आलीये.

अर्धा_पाना

खालून डावीकडचा. तिथे २५ चा हवा होता, मी ३५ चा घातला होता. कान १० चा, भोक २४ चं, म्हणजे ३४ ला बोल्टाने तळ गाठला. डोकं वरून टेकल्यासारखं दिसतं. पण डोक्याखालचा वायसर बोटाने फिरतोय. कागद आरपार जातो.

आणि याने क्लिक दिला होता. सातांपैकी पहिला, सगळ्यात खणखणीत.

बिनपगारी

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे पीळ पुरेपूर आहे, ताणाचा पत्ता नाही.

ताणतणाव

अगदी. बोल्टाने भोकाचा तळ ढकलला, पंपाला हातही लावला नाही. रेंचला दोन्ही सारखंच. तो बोल्ट काढल्यावर भोकाच्या तळाला आणि मागच्या भिंतीला चीर नाही ना, टॉर्च घेऊन बघा. आणि आठही बोल्ट सैल करून पुन्हा पहिल्यापासून. बाकीच्या सहांनी वाकड्या बसलेल्या पंपाला दाबलं असणार, गॅस्केटही नवीन घाला.

अर्धा_पाना

दोन दिवसांनी लिहितोय. चीर नाही. नवीन गॅस्केट, ४० चा बोल्ट वरच्या भोकात, बाकी सगळे आपापल्या जागी, आटे ब्रेक क्लीनरने धुऊन कोरडे. दोन फेऱ्यांत आवळले, आधी १२, मग २२, समोरासमोर. आधी प्रत्येक बोल्ट हाताने फिरवून डोकं खरंच टेकतंय का ते बघितलं. टेकल्यापासून क्लिकपर्यंत सगळ्यांचा कोन जवळपास सारखा आला, नेलपॉलिशची खूण करून बघितला. ४० चा किंचित जास्त फिरला.

पाणी भरलं, इंजिन पंखा लागेपर्यंत चालवलं, गार झाल्यावर खाली पुठ्ठा सरकवला. कोरडा आहे.

जुनंखोड

४० चा जास्त फिरणारच, ताणायला लांबी जास्त आहे. पुठ्ठा टाकू नकोस. त्याच्या मागच्या बाजूला पंपाची आकृती काढून ठेव.